टीव्हीचा आवाज

छत्रपती संभाजीनगर,
१४ मे २०२५

प्रिय ताईस,

सप्रेम नमस्कार. दाजींचा गुडघा कसा आहे? वाळूजच्या बसमध्ये उभ्याने जाऊ नका म्हणावं. तुझ्या श्रेयाच्या साखरपुड्याच्या साडीला फॉल लावून झाला. निऱ्या मीच करायच्या, हे ठरलंय ना आपलं?

एका शहरात राहून पत्र कसलं लिहितेस, म्हणशील. फोनवर तुझा आवाज ऐकला असता, तर नको ते बोलून गेले असते.

मागच्या पाण्याच्या दिवशी मी पुंडलिकनगरात, तुमच्याच गल्लीत, एक तक्रार पाहायला आले होते. शेवटच्या घरातल्या गोजरबाई नळाखाली घागर लावून बसल्या होत्या. नळातून नुसती हवा. परतताना तुझ्याकडे चहाला टेकले, आणि तू टीव्हीचा आवाज वाढवलास. तरी जिन्याखालची घरघर ऐकू आलीच. पाणीपुरवठ्यात इंजिनिअर आहे गं मी. नळाला थेट लावून पुढच्या घरांचं पाणी ओढणारी मोटार मला झोपेतही ओळखू येते.

विचारलं तर म्हणालीस, "सगळेच लावतात, संधे. आपण नाय लावली तर घागरभर बी मिळायचं नाय."

मी गुपचूप चहा संपवून उठले. राग त्या चहाचा येतो, तुझा नाही.

उद्या तुमच्या गल्लीतल्या मोटारी जप्त करायच्या आहेत. पथक माझं आहे. साहेब म्हणाले, घरात कार्य आहे, तुमच्या बहिणीचं घर सोडून देऊ. मी हो म्हणणारच होते. पण मग शेजारच्या दारात कोणत्या तोंडाने उभी राहू? आणि तुला आधी सांगितलं, तर तू मोटार काढून ठेवशील आणि पुढच्या पाळीला पुन्हा लावशील. म्हणून हे पत्र पर्समध्ये ठेवतेय. मोटार गाडीत चढली, की तुझ्या हातात देईन.

मला भीती वाटतेय, ताई. आई गेल्यापासून माहेर म्हणजे तुझंच घर. उद्या त्याच घरात मी माणसं घेऊन शिरणार, गल्ली बघत असणार, आणि श्रेया आतून बाहेर येईल. तिच्याकडे बघायचं धाडस मला होईल असं वाटत नाही.

रविवारी साखरपुड्याला लागणाऱ्या पाण्याची काळजी करू नकोस. माझ्या टाकीतलं पाणी ड्रम भरून पाठवते. ते घ्यायचं की नाही, तू ठरव. मी यायचं की नाही, तेही.

दाराबाहेर थांबलेली,
तुझी धाकटी,
संध्या