मारुतीपुढचा रुळाचा तुकडा

शनि., ३ जाने.
मारुतीला तेल, रुईची माळ. रेल्वेगाडी बंद झाल्यापासून गावच्या थांब्यावर कुत्रं फिरकत नव्हतं. आज तिथं जीप आणि रेल्वेची चार माणसं. लोखंड चोरीला गेलं म्हणे, गावात चौकशी करणार. गाडी यायची तेव्हा थांब्यावर ठोकायचे तो रुळाचा तुकडा यांनीच काढून मारुतीपुढे टांगलाय. आरतीला तोच वाजतो. वर हौसेनं भिंतीवर रंगवून घेतलं, "सप्रेम भेट", खाली यांचं पूर्ण नाव.

रवि., ४
यांना म्हटलं, काय करायचं? "देवाले देला, घरी थोडीच आणला," म्हणे. मला वर्षाची काळजी. पोलीस भरतीत पोरीचं नाव लागलं, आता चारित्र्य पडताळणी व्हायची. बापावरच केस झाली तर...


सोम., ५
शेजारच्या सुमनबाई आल्या. चुना मारून नाव बुजवू म्हणाल्या, कोणाला कळतं. वर चिडवलं, "भाऊजीले दान कराले दुसरं काई सापडलं नाई का वं?" हसू आलं, मग रडूच. देवाच्या भिंतीवर खोटेपणा नको म्हटलं. मनातून मात्र वाटत होतं, बुजवावंच.

मंगळ., ६
सकाळी देवळात पाहते तर भिंत पांढरीफेक. सुमनबाईंनी ऐकलं नाहीच. तेवढ्यात जीप. साहेबांनी भिंतीला बोट लावलं, चुना ओला. हे कोणी टांगलं, विचारलं. कोणीतरी म्हणालं, पहिलेपासूनच आहे. यांची मान खाली. वर्षा पुढे झाली.
"माह्या बाबानं लावला साहेब. कोणाले विचारलं नाई."
तुकडा जीपमध्ये टाकून नेला. यांना गुरुवारी मलकापूरला जबाबाला बोलावलं.
घरी आल्यावर मी पोरीला नाही नाही ते बोलले. काऊन तोंड उघडलं? तुझ्या नोकरीचं काय?
"उद्या मलेच लोकायले विचारा लागन, आई. तवा कोन्त्या तोंडानं विचारू?"


बुध., ७
आरती टाळ्यांवर. माझ्याशी कोणी फारसं बोललं नाही.

गुरु., ८
हे सकाळच्या एस.टी.नं मलकापूरला. दशम्या-चटणी बांधून दिली, बाहेरच्या खाण्यात उगीच पैसे जातात. दुपारपासून फोन बंद. शेवटची एस.टी. यायची वेळ झाली. वर्षा फाट्यावर जाऊन उभी आहे. मी देवापुढे स्तोत्र म्हणतेय. मध्येच ओळ सुटते, पुन्हा पहिल्यापासून...