जोडाच्या आतली खूण

३ मे १९६३, डोणगाव
उंद्रीच्या शाळेचा माणूस आला. दिवाळीत बसवलेल्या खिडक्यांपैकी एकीची झडप लागत नाही, चौकटीच्या जोडात बोट जाईल एवढी फट. ओलं सागवान उन्हाळ्यात वाळलं की असंच होतं. आजोबांपासून आम्ही खिडक्या करतो. दोन पावसाळे काढल्याशिवाय लाकडाला रंधा लावायचा नाही, हा घरचा नियम. मग ओली फळी आली कुठून?
माझा संशय दिनावर. धाकटा भाऊ असला म्हणून काय झालं! हल्ली खामगावच्या वखारीत एकटाच जातो, आणि येतो तो फार खुशीत. ओली फळी स्वस्त मिळते, वरचे पैसे कुठं जातात?

५ मे
जेवताना दिनाला विचारलं. ताटात बघत म्हणाला, "मले काय माईत, दादा?" ज्याच्या मनात काही नसतं तो डोळ्याला डोळा भिडवतो.
सौ. म्हणते, "तुमाले तं दुधातबी माशीच दिसते." असते म्हणून दिसते.

७ मे
बाबांना सांगितलं. दोनदा सांगावं लागलं, लक्ष कुठं असतं कोण जाणे. म्हणाले, "खिडकी आन." बस, एवढंच.
फळीवर बोटाचं पेर वाजवायचं, कान लावायचा, वाळलेली की ओली ते आवाजावरून ठरवायचं. वाळलेली 'बोलते', ओली बद्द वाजते. ही त्यांचीच शिकवण. ज्यानं फळी पसंत केली त्याची खूण जोडाच्या आत. बाबांची एक रेघ, माझ्या दोन, दिनाच्या तीन. गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही. आणि बसवलेला जोड उघडायचा नाही. उघडला म्हणजे घरातल्यावरच भरवसा नाही. आजवर आम्ही एकही उघडलेला नाही.
पण आजवर ओली फळीही गेली नव्हती.

१० मे
खिडकी एस.टी.च्या टपावरून आली. दिना उतरवायलासुद्धा आला नाही. तीन रेघा निघणार. पैज.

११ मे
उघडला. बाबा देवळात गेलेले बघून.
पटाशी लावली तर दिनानं मनगट धरलं. "नोको उघडू, दादा. माह्यं नाव सांग बाबाले, झालं." वा! चोर आपणहून कबूल. हात झिडकारला आणि ठोकली.
एकच रेघ.
पुन्हा पुन्हा बोट फिरवून बघितलं. एकच. मग दिना बोलला, "दिवाळीच्या आधीपासून बाबाले ऐकू येत नाई. फळीले कान लावते अन् 'बोलते' म्हनते. मी मागून वाजवून ओल्या फळ्या बाजूले करून राह्यलो. एक सुटली."
मी सहा महिने शेजारी बसून काम करतोय. मला दिनाची खुशी दिसली, बापाचा कान दिसला नाही. लाज वाटते.
जेवायला बसलो तर बाबांनीच विचारलं, "कोनाची निंगाली?" कसं कळलं त्यांना? मी ओरडून सांगितलं, "वाळवीनं खाल्ली खूण."
"सागाले वाळवी?" म्हणाले, आणि भाकरी कुस्करत राहिले.

१२ मे
सकाळी बाबांनी नव्या फळ्यांच्या थप्पीपाशी बोलावलं. वरच्या फळीवर पेर वाजवलं. कान लावला नाही. माझ्याकडे वळले.
"काय म्हनते?"
हे त्यांनी आजवर कुणाला विचारलेलं नाही. खरंच विचारत होते, की कालच्या वाळवीबद्दल माझी परीक्षा? फळी ओली होती, आवाज अगदी बद्द. त्यांची नजर माझ्या ओठांवर. मी काहीतरी पुटपुटलो.
"जोरात बोल. दिनालेबी ऐकू जाऊ दे."
दिनानं रंधा थांबवला. बाबांच्या पाठीमागून माझ्याकडे बघून मान हलवली, ओली म्हणू नको म्हणून.