मलाही गिऱ्हाईकासारखं वागव

ती. तोकिएताईस,

गेनकिचीचा कंबरेत वाकून नमस्कार. (कंबर सध्या जेवढी वाकते तेवढाच केला आहे, उरलेला वसंतात समक्ष करीन.) इकडे पहिलं हिव पडलं. वळचणीला टांगलेले मुळे सुरकुतून माझ्यासारखे दिसू लागले आहेत. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचं गोल्फ चालू आहे, की अजून सगळा वेळ हरवलेला चेंडू शोधण्यातच जातो? तू पाठवलेला चहा पोचला, उत्तम आहे. माझं ब्लडप्रेशर डॉक्टरला आवडेल असं आहे. तू दर फोनवर विचारतेस, वेळेवर जेवतोस ना रे? जेवतो. पण कुठे जेवतो आणि तिथे माझं काय झालं, ते फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून हे पत्र.

तुझ्या वर्गातली कियो वडिलांच्या मागे 'कावासेमी' खानावळ चालवते हे तुला माहीत आहेच. तीच आठ स्टुलं, तेच मुळा-अंडी-माशाचे गोळे रटरटणारं पातेलं, मागे गिऱ्हाइकांनी विकत घेऊन ठेवलेल्या बाटल्यांची फळी. माझी हारुए गेल्यापासून माझं संध्याकाळचं जेवण तिथेच असतं. घरी एकट्याने भात शिजवला की तांदूळ कितीही कमी घाला, तो दोघांचाच होतो. कावासेमीत पातेल्याजवळचं टोकाचं स्टूल माझं. फळीवर माझी बाटली, आणि तिच्या गळ्यातल्या पाटीवर नाव नाही, कासव. मी सावकाश पितो म्हणून ते कियोने स्वतः काढलंय. (पाय पाचच आहेत की सहा यावर वाद आहे.) गावात माझं काय आहे असं कुणी विचारलं, तर तातामी चटया विणायचं दुकान म्हणण्याआधी मी ते स्टूल म्हणेन.

आता या सुखात मिठाचा खडा पडला तो ऐक. वसंतात तोक्योहून एक कुसाकाबे नावाचे गृहस्थ राहायला आले. विमा कंपनीतून निवृत्त, एकटे, देवळामागचं रिकामं घर भाड्याने घेतलंय. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. पण नाही, स्वभावाने गरीब, बोलणं मऊ, दात सगळे स्वतःचे. पहिल्याच संध्याकाळी ते नकळत माझ्या स्टुलावर बसले, आणि कियो त्यांना काय म्हणाली असेल? काही नाही! गरम ओला टॉवेल उलगडून हातात दिला. ताई, उलगडून! मला टॉवेल मिळतो तो काउंटरवरून फेकलेला, आणि मी तो झेलतो. त्यांना मुळा पातेल्याच्या तळाचा, रस मुरलेला, चार तुकडे करून. थंडी वाजत नाही ना हो? दार लावू का? आणि मला काय? "ए गेन्या, रिकामा बसलायस तर फ्रीजमधून दोन बिअर काढ. एक कुसाकाबेसाहेबांना दे."

मी दिली. त्यांनी "आभारी आहे" म्हटलं, वेटरला म्हणतात तसं. परवा डोंगर चढायला आलेलं एक जोडपं तर थेट मलाच ऑर्डर देऊन मोकळं झालं, आणि मीही दोन भात, एक सूप म्हणून आत ओरडलो. सवय वाईट. ग्लास विसळायचे मी, पातेल्यात रस्सा कमी झाला की ओतायचा मी, पावसात झुंबड उडाली की छत्र्या रचायच्या मी. आणि पेयाबरोबर न मागता येते ती छोटी वाटी? कुसाकाबेंना ताज्या माशाचं काहीतरी नाजूक, वर पान ठेवून. माझी वाटी आली की कियो म्हणते, "खाऊन बघ जरा. कालचं माकूळ आहे. बरं असलं तर बाकीच्यांना देते." इतकी वर्षं मी खाऊन बघतोय, ताई. बाकीचे जगले ते माझ्या जिवावर.

अंगाचा तिळपापड म्हणजे काय ते मला या वयात कळलं. त्यांच्या वाटीतलं पान मला रात्री डोळ्यांसमोर दिसायचं. शेवटी एका संध्याकाळी तिने त्यांच्यासाठी साके ऊन करताना मला म्हटलं, "गेन्या, जरा सरक, त्यांना हात पोचत नाही," आणि माझा तोल गेला. मी ग्लास आपटून म्हणालो, "मी काय फुकट जेवतो का गं इथे? मीसुद्धा गिऱ्हाईकच आहे! मलाही गिऱ्हाईकासारखं वागव!"

निवृत्त पोस्टमन सुगावारांच्या हातातली जेवायची काडी खाली पडली. कियोने हात पुसले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं." एवढंच. तुला ती शाळेपासून माहीत आहे. तिचं हे 'बरं' ऐकून मला तिथेच कळायला हवं होतं.

दुसऱ्या संध्याकाळी पडदा सारून आत गेलो तर, "यावं, यावं ओनोदेरासाहेब! किती जण आहात?" मी मागे वळून बघितलं, माझ्यामागून कोण आलं म्हणून. कोणी नव्हतं. मला स्टुलाकडे जाऊ न देता तिने कोपऱ्यातल्या उंच बैठकीवर नेलं, पाहुण्यांना बसवतात तिथे. त्या बैठकीची तातामी मीच विणलेली, आणि तिच्यावर मी पहिल्यांदाच बसलो. टॉवेल आला, उलगडून. मेन्यूकार्ड आलं. (कावासेमीत मेन्यूकार्ड आहे हे मी विसरूनच गेलो होतो. उघडलं तर अक्षर माझं. कधीकाळी तिनेच बसवून लिहून घेतलेलं.) मुळा आला, तळाचा, चार तुकडे केलेला. वाटीत पान होतं. आणि बाटली आली तेव्हा तिच्या गळ्यात कासव नव्हतं. कोरी पाटी, वर सुरेख लिहिलेलं: श्रीयुत ओनोदेरा गेनकिची.

ताई, खोटं कशाला सांगू, मुळ्याचे चारातले तीन तुकडे तसेच राहिले. काउंटरवर सगळे हसत होते आणि कशाला हसतायत ते त्या कोपऱ्यात ऐकू येत नव्हतं. मी आपला सवयीने उठून फ्रीजकडे निघालो, तर कियो धावत आली, "अहो, अहो, तुम्ही कशाला उठता साहेब! बसा बरं!" आणि मग काउंटरकडे वळून, ऐक आता, "कुसाकाबे, तू आण रे दोन बिअर."

तू! रे! सहा महिन्यांच्या माणसाला! आणि ते उठले, ताई. एखाद्या नवरदेवासारखे उठले. माझ्या फ्रीजचं दार उघडून त्यांनी माझी बिअर आणून माझ्यापुढे ठेवली, आणि मी म्हणालो, "आभारी आहे." हात दाखवून अवलक्षण ते हेच.

तेव्हा मी ठरवलं की गावात काही एकच काउंटर नाही. दुसऱ्या दिवशी मागच्या गल्लीने, मफलर नाकापर्यंत ओढून, स्टेशनसमोरच्या इवाबुचीच्या नूडल्सच्या दुकानात गेलो. इवाबुचीने मला ओळखून चमचा खाली ठेवला. "कियोशी भांडलास?" म्हणाला. मी म्हटलं, छे, बदल म्हणून आलो. त्याने अर्धा वाडगा नूडल्स दिले, आणि म्हणाला, "एवढं खा आणि तिकडे जा बाबा. तुला मी ठेवून घेतलं असं तिच्या कानावर गेलं तर सोमवारी तिच्या सुट्टीला ती माझ्याकडे जेवायला येते ती येणार नाही." म्हणजे तिचंही स्टूल आहे, इवाबुचीकडे! मला कधी बोलली नाही. तिथे ती स्वतः बिअर काढून घेते का, हे विचारायचं माझं धैर्य झालं नाही.

असो. बाकी सर्व क्षेम. मी सध्या घरीच भात शिजवतो. तो दोघांचा होतो. भाऊजींना नमस्कार, गुडघ्याला शेक देत जा.

तुझा धाकटा,
गेनकिची

ता. क. — तू सहज म्हणून कियोला एक फोन करशील का? मी सांगितलं असं म्हणू नकोस. म्हण, स्वप्न पडलं. आणि बोलता बोलता म्हण की आमच्या गेनकिचीला कोणी 'अहो' म्हटलं की त्याला लहानपणापासून ताप येतो. तुझं ती ऐकते.

ता. क. दुसरा — पाकीट चिकटवायचं राहिलं ते बरं झालं. फोन करू नकोस! आज सकाळी कियो माझ्या दुकानात आली ती रस्त्यापासूनच ओरडत: "ए गेन्या! मेलास की काय? तीन दिवस तोंड नाही दाखवलंस! तिकडे बैठकीची किनार उसवलीय, माकूळ तसंच पडलंय, आणि फ्रीजची काय दशा झालीय बघ येऊन!" झालं होतं असं, की कुसाकाबेंनी बिअर लवकर गार व्हावी म्हणून बाटल्या बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या, आणि त्या फुटल्या. आणि ताई, बाटल्या फोडणाऱ्याला ती काय म्हणाली ठाऊक आहे? "असू द्या हो, कुसाकाबेसाहेब. होतं असं." बाटल्या त्यांनी फोडल्या, शिव्या मला! संध्याकाळी मी गुडघ्यावर बसून काच वेचत होतो. वर बघितलं तर फळीवर कासव परत आलेलं. कुसाकाबे शेजारी वाकले आणि हळूच म्हणाले, "ओनोदेरासाहेब, तुम्हाला त्या ज्या ओरडतात ना... तसं ओरडायला साधारण किती वर्षं लागतात?" त्यांचा चेहरा असा पडला होता की मला गहिवरून आलं. मी म्हटलं, ते काही माणसाच्या हातात नसतं.

ता. क. तिसरा — गहिवर ओसरला. ते आता माझ्याआधी येऊन स्टुलं पुसतात. काल मी पोचलो तेव्हा कियो त्यांच्यापुढे वाटी सरकवत होती, "खाऊन बघ रे जरा, कालचं आहे." ते माकूळ माझ्या हक्काचं होतं, ताई. तुमच्या सेन्दाईच्या इमारतीत एखादा ब्लॉक रिकामा असला तर लगेच कळव. एक सज्जन, शांत, निवृत्त गृहस्थ घर बघताहेत. त्यांना स्वतःला हे अजून माहीत नाही.