तिसरा चौकोन माझा

३ जून
मी सांगते, सून वार्सिनी लिहिते. अक्षर येत नाही म्हणून माझं आजवर काही अडलेलं नाही.
येत्या सोमवारी जोग्जा शहरातल्या मोठ्या हॉटेलात आमच्या एम्पिंगचं प्रेझेंटेशन. मेलिंजोच्या बिया भाजायच्या, दगडावर ठेचायच्या, वाळवायच्या; तेच आमचे पापड. वार्सिनीने भिंतीवर चार कागद चिकटवलेत. याला म्हणे स्टोरीबोर्ड. आधी चित्रं, मग तोंड उघडायचं. पहिला चौकोन: हॉटेलची अडचण. दुसरा: आमचा माल. तिसरा: आमचाच का. चौथा: ऑर्डर द्या.
तिसरा मी मागून घेतला. जन्म बिया ठेचण्यात गेला, स्तुती दुसऱ्याने कशाला करायची?
ऑर्डर नाही मिळाली तर ही तैवानला जाणार, कुणाची तरी म्हातारी सांभाळायला. म्हटलं, जा की, मला काय! घरातली म्हातारी जुनी झाली वाटतं.

५ जून, सकाळी
तालीम. मी म्हणायचं, असा एम्पिंग पंचक्रोशीत दुसरा नाही. घशात अडकलं. हवा दमट आहे. वार्सिनी म्हणाली, आई, घसा नाही, लाज आहे ती. लाज? मला? उद्यापासून रोज कोंबड्यांसमोर सराव करणार.

६ जून
कोंबड्यांना पटलं. मग शेजारीण आली. बशी पुढे करून म्हटलं, बस गं, साधंच आहे, कडवट झालंय. तिचं सोडा, ती काय गिऱ्हाईक आहे?

८ जून
हिचा पासपोर्ट आला. कपाटावर ठेवलाय, माझ्या डोळ्यांसमोर. मुद्दाम. मी दोन घास कमी जेवले, ते मिरचीमुळे.

१० जून, दुपारी
हॉटेलच्या खरेदीबाई मेदानच्या, समुद्रापलीकडच्या बेटावरच्या. त्या लोकांचं सगळं तोंडावर, आम्हा जावावाल्यांसारखं आडून नाही. वार्सिनीने दोन चौकोन खणखणीत मांडले. तिसरा आला. बाईंनी पापड उचलला. समोरच्याच्या हातात आपला घास, आणि आपणच टिमकी वाजवायची? जीभच वळेना. म्हटलं, साधंच आहे हो, चव काही खास नाही, जरा कडूच, गोड मानून घ्या.
बाई म्हणाल्या, आजी, तुम्हीच सांगताय म्हटल्यावर प्रश्नच मिटला. बशी सरकवली. चौथा चौकोन राहिलाच.
बाईंना रीतभात नाही. वार्सिनी बसमध्ये खिडकीबाहेर बघत होती.

१३ जून
फोनच्या पडद्यावर तैवानच्या कामाची एजंटबाई. हिला विचारलं, म्हाताऱ्या माणसाचं करायला कितपत जमतं? ही मान खाली घालून म्हणे, साधंच जमतं, खास काही नाही. एजंटबाई म्हणाली, मग दुसरी बघते.
मी नुसतं गप्प बसायचं होतं.
पण माझ्या सुनेला साधी समजते? फोन ओढला. म्हटलं, तुमची अडचण काय? म्हातारी हट्टी असते, भात थुंकते, स्वतःचंच खरं करते. आमच्याकडे काय? ही. हीच का? माझ्यासारखीला इतकी वर्षं सांभाळलंय, एकदा आवाज चढला नाही. अख्ख्या जावा बेटावर अशी दुसरी दाखवा! घसा कुठे अडकला नाही. शेवटी बोट रोखून म्हटलं, आता बघताय काय, घ्या!
घेतली. बुधवारचं विमान.
वार्सिनी म्हणते, आई, एकही चौकोन चुकला नाही.