कडेची सरी

प्रिय भाग्यश्री,

तू फोन उचलत नाहीस, मेसेजवर मला ब्लॉक केलं आहेस, म्हणून मांजरीहून धायरीला टपालाने पत्र पाठवायची वेळ आली. एकाच शहरात राहून. फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण आधी शेवटपर्यंत वाच. मी रागात लिहिते आहे आणि तो राग झाकायचा मुळीच प्रयत्न करणार नाही.

आईंच्या तेराव्याला तू सगळ्यांदेखत म्हणालीस की वहिनींनी लसीच्या रांगेतून आजार घरात आणला. तेव्हा मी गप्प बसले. तुझी आई गेली होती, तुला बोलायचा हक्क होता. तुझे दादा मात्र खाली बघत भात कालवत राहिले, त्याचा राग अजून जात नाही. त्यांना सगळं माहीत होतं. मी लस घेतली मार्चच्या सुरुवातीला, आई आजारी पडल्या एप्रिलच्या शेवटी. जवळपास दोन महिने तो आजार माझ्या पदराखाली लपून बसला होता का? आई आजारी पडायच्या आदल्याच आठवड्यात आबा आणि दादा हडपसरला साखरपुड्याला गेले होते, मास्क खिशात ठेवून. दोघेही खोकत परत आले. पण ते मान राखायला गेले होते, आणि मान राखायला गेलेला माणूस आजार आणत नसतो. तो सुनाच आणतात.

आता मार्चमधलं सांगते, जे तुला कोणीच सांगितलेलं नाही. उसाची नवी जात आली की आबा आधी कडेची एकच सरी लावतात, हे तू लहानपणापासून बघितलं आहेस. ती सरी कशी येते ते पाहायचं, मग सगळ्या वावरात लागण. चांगली रीत आहे, ऊस तसाच लावावा. पण साठीच्या पुढच्यांना लस सुरू झाली आणि मला शुगर असल्यामुळे माझाही नंबर लागला, तेव्हा आबांनी तीच रीत घरातल्या माणसांना लावली. म्हणाले, "आधी सूनबाईला टोचू दे. शुगरवाल्या बाईला काय झालं न्हाई, तर आपुन हायेच की." मी कडेची सरी. बावीस वर्षं या घरात राबून मला मिळालेली ही पदवी.

आणि आई? आईंना लस हवी होती, भाग्यश्री. तूच फोनवर त्यांना समजावलं होतंस. गंभीर त्रास लाखात एखाद्याला होतो, आणि इथे तपासलेल्या चारांतला एक बाधित निघतोय, मग कशाला जास्त घाबरायचं ते तूच ठरव, असं म्हणाली होतीस. कॉलेजात पोरांना संख्याशास्त्र शिकवतेस ना, तसंच सोपं करून सांगितलंस. त्या सकाळी आई हिरवं इरकल नेसल्या, आधार कार्ड बटव्यात टाकलं आणि माझ्याआधी गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसल्या. मला म्हणाल्या, "पोरगी शिकलीया माझी, ती खोटं न्हाई सांगायची."

आबा अंगणात आले. दोघी एकदम गेल्या तर सरीला अर्थ काय उरला? त्यांनी नुसती मान हलवली आणि तुझ्या दादांनी गाडीचं दार उघडून धरलं. आई उतरल्या. बटवा हातात धरून फाटकाशी उभ्या राहिल्या, आम्ही वळेपर्यंत.

त्या रात्री मला ताप आला, जसा बहुतेकांना येतो. सकाळी उतरलाही. पण सरी पिवळी पडली असा निकाल घरात लागून गेला. मग काय, आईंची लस पुढे ढकलत राहिले, लग्नसराई होऊ दे, ऊन कमी होऊ दे. एका सरीवरून ऊस कळतो. लाखातलं एक एका माणसावरून कळत नाही. मी ठणठणीत राहिले असते तरी त्यातून काही सिद्ध झालं नसतं आणि मेले असते तरी नसतं. हे मी तुला सांगावं? आणि हे लोक वाट बघत बसले होते तेव्हा आजार काही बांधावर थांबला नव्हता. आम्ही दोघी एकदमच बाधित निघालो. माझी चव गेली, आई गेल्या. त्यानंतर आबा आणि तुझे दादा गुपचूप जाऊन लस घेऊन आले. तेव्हा कुणाला सरी लागली नाही.

हे सगळं मी गिळून टाकलं असतं. पण काल तुझ्या सासूबाईंचा, सुशीलाबाईंचा फोन आला, रडत होत्या. तुला सहावा महिना आहे, गेल्या महिन्यापासून गरोदर बायकांना लस मिळते आहे, डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, गरोदरपणात हा आजार जास्त अंगावर येतो हेही सांगितलं. आणि तू म्हणालीस, शेजारच्या सृष्टीने घेतली आहे ना, तिचं बाळंतपण नीट होऊ दे, मग बघू. शोभतेस आबांची लेक. अगं, आईंनी तुझं ऐकलं होतं. निदान तू तरी तुझं ऐक. माझ्याशी जन्मभर बोलू नकोस, चालेल मला. शनिवारी सकाळी मी रिक्षा घेऊन धायरीला येते आहे. आधार कार्ड घेऊन खाली थांब. तू आत सरकून बस, दाराच्या बाजूला मी बसेन. तुला कोण उतरवतं तेच बघते.

तुझीच, अजून रागात असलेली,
वहिनी