गोट्याच्या डोक्यातली शिवण

प्रिय ताई,

सकाळपासून फोन हातात घेते आणि ठेवून देते. फोनवर तू मला पुरतं बोलू देणार नाहीस, मध्येच "ते जाऊ दे, जेवलीस का?" म्हणशील. म्हणून लिहिते आहे.

इथे लॅबमध्ये नेहमीचंच चाललं आहे. इन्क्युबेटर पुन्हा कुरकुरतोय. जरा काही बिनसलं की रुसतो, म्हणून सर त्याला 'जावईबापू' म्हणतात. त्यात वाढलेल्या पेशी आम्ही जेलमध्ये मिसळतो. उंदराच्या ज्या पिल्लाच्या कवटीच्या हाडांमधली शिवण वेळेआधी जुळली आहे, त्याच्या कवटीत तिथे फट पाडून ते जेल भरतो. शिवण उघडी राहिली तर मेंदूला वाढायला जागा मिळते. तुझ्या गोट्याच्या डोक्यात जे झालंय तेच, फक्त जागा तांदळाच्या दाण्याएवढी.

पहिला चांगला स्कॅन मी घरच्या ग्रुपवर टाकला होता, आठवतं? मधोमध बारीक काळी रेघ, म्हणजे उघडी शिवण. आईने तो शेजारच्या काकूंना दाखवला. हे डोकं कुणाचं, असं त्यांनी विचारल्यावर म्हणाली, "उंदराचं, पण आमच्या घरचाच समजा." भावोजींनी अंगठा पाठवला. तू काहीच लिहिलं नाहीस. मला वाटलं, बाळाच्या गडबडीत असशील.

मागे तुझ्याकडे आले तेव्हा मी गोट्याला घेतलं नाही. "हिला तिचा लॅबमधला चिमटा द्या रे, त्याशिवाय ही काही उचलत नाही," असं तू सगळ्यांसमोर म्हणालीस. मी हसण्यावारी नेलं. खरं सांगू? त्याला घेतलं असतं तर माझा अंगठा आधी त्याच्या टाळूवर गेला असता आणि मग शिवणीवरून मागे सरकला असता. तिथे हाडाचा उंचवटा लागणार हे मला माहीत होतं. तुझ्यासमोर मला तो चाचपायचा नव्हता.

ग्रुपवर ज्याचा स्कॅन टाकला होता, काल त्याच पिल्लाचा नवा स्कॅन आला. रेघ गेली आहे, हाड पुन्हा भरून आलंय. काही पिल्लांमध्ये फट टिकली, काहींमध्ये नाही, आणि असं का, ते आम्हाला कळलेलं नाही. सर खुशीत म्हणाले, "चला, आता खरा प्रश्न सापडला." एरवी मलाही तसंच वाटलं असतं. पण मी नुसते हातमोजे घालत होते, काढत होते, पुन्हा घालत होते. कारण आई सहज बोलून गेली होती की तू ऑपरेशनची तारीख पुढे ढकललीस. "माझ्या धाकट्या बहिणीचं औषध येतंय, मग पोराच्या डोक्याला कात्री कशाला?" असं तू सर्जनना सांगितलंस म्हणे.

ताई, ते येत नाहीये. निदान गोट्याच्या वेळेत नाही. सर्जन करतात ते ऑपरेशन आज करता येतं आणि चांगलं होतं. आत्ता हाड मऊ आहे, लहान छेदावर भागेल. थांबलीस तर तेच काम मोठं होईल. माझ्यावर एवढा विश्वास ठेवतेस, तर या एका बाबतीतही ठेव. पत्र वाचून झालं की सर्जनना फोन कर आणि मिळेल ती पहिली तारीख घे. मी रजेचं सांगून ठेवलं आहे. ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर तुझ्याशेजारी बसेन. टाके सुकले की त्याला माझ्या मांडीवर दे. चिमटा इथेच ठेवून येते.

तुझीच,
धाकटी