रोज एक गोळी

बाई, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. अंधेरीतलं आपलं भाषांतराचं ऑफिस अजून तिथेच आहे, पण आठ जणांपैकी मी एकटीच उरलेय. भाषांतर आता एआय करतं. मी नुसतं तपासायचं आणि खाली सही करायची. तुमच्या वेळी दिवसाला दहा पानं व्हायची, आता दीडशे होतात. एकदा दवाखान्याचा एक कागद मी मूळ इंग्रजीशी न ताडता दिला, तेव्हा तुम्ही मला सगळ्यांसमोर झापलं होतंत. ‘हा कागद कुणाच्या तरी घरी जाणार आहे गं,’ म्हणालात आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा करायला लावलंत. बाथरूममध्ये जाऊन रडले होते मी.

परवा दुपारी मानखुर्दहून एक मुलगी आली. हातात वडिलांचा डिस्चार्जचा कागद, त्यावर आपला शिक्का. सांधेदुखीची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची होती. मराठीत छापलं होतं, ‘रोज एक’. वडिलांचं तोंड आतून सोलवटलं, रक्तातल्या पेशी घसरल्या, नऊ दिवस आयसीयूत काढले. आता घरी आहेत, पण भात गिळतानाही डोळ्यांत पाणी येतं त्यांच्या.

“मी माझ्या हाताने दिल्या ओ मॅडम,” ती म्हणते. “पहिल्या चार संपल्या, तर मीच धावत जाऊन आणखी आणल्या.”

साहेब केबिनमधून बाहेर येतात. “मशीनची चूक आहे ताई. आमचं माणूस फक्त वरवर बघतं.”

“मग ही सही कुणाची?”

“माझी,” मी म्हणते. साहेब माझ्याकडे बघतच राहतात. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती कागदाची घडी घालते, पर्समध्ये ठेवते आणि जिना उतरून जाते.

संध्याकाळी साहेब म्हणाले, सोमवारपासून येऊ नका. माझ्या जागी कुणी येणार नाहीये. कागदावरची सहीची जागाच काढून टाकणार आहेत.

घरी मी सांगितलं, दीडशे पानांत एक ओळ नजरेतून सुटली. सगळ्यांना पटलं. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून तुम्हाला खरं लिहिते. सुटली नव्हती बाई. त्याच कागदावर महिन्याला चारच गोळ्या लिहिल्या होत्या आणि शेजारी रोज एक, हे जुळत नाही, ते मला दिसलं होतं. पेन थांबलं होतं. मग वाटलं, इतक्या महिन्यांत या मशीनचं काही चुकलं नाही, माझंच चुकत असेल. आणि मी सही केली.